थेंब न देणारा कासार

फार पूर्वी, एका बाजाराच्या गावी, एक कासार राहत होता. बायकांच्या हातात काचेच्या बांगड्या भरणं हे त्याचं काम. हात इतका हलका, की चुडा भरताना नवरीच्या तोंडून 'स्स' सुद्धा निघत नसे. पण त्या घराण्यात एक दुखणं होतं. चाळिशी उलटली की घरातल्या काहींचे हात थरथर कापू लागत. वडिलांचे तसेच कापले होते. त्यावर औषध नव्हतं.

एकदा गावात एक वैद्य आला. रक्ताचा थेंब पाहून तो सांगायचा, पुढे कोणाचे हात कापणार. पाटलांनी त्याला आग्रहानं ठेवून घेतलं. कासाराच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

त्याचा धाकटा भाऊही बांगड्याच भरायचा. त्याला जाणून घ्यायची भारी घाई. त्यानं थेंब दिला.

"तुझे हात कापणार," वैद्य म्हणाला.

"कधी?"

"ते नाही सांगता येत."

धाकट्यानं कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. तरी दुसऱ्या दिवसापासून एकही बाई त्याच्यापुढे मनगट धरीना. हात अजून दगडासारखे स्थिर, आणि बिचारा दिवसभर स्वतःच्या बोटांकडे बघत बसायचा. कासाराला वाईट वाटलं, त्याहून जास्त राग आला. गावाला कळलं कसं?

पुढच्याच आठवड्यात पाटील वैद्याला घेऊन कासाराच्या दुकानी आले. सोबत त्यांची लग्न ठरलेली लेक होती.

"चुडा भरायचाय. पण आधी थेंब दे," पाटील म्हणाले.

कासारानं वैद्याला विचारलं, "निकाल आधी कोणाला सांगाल?"

वैद्य हळूच पाटलांकडे बघू लागला.

"असं होय! आणि हात कापणार असं निघालं, तर औषध द्याल?"

"औषध नाही."

"मग तो निकाल माझ्या काय कामाचा? ज्या दिवशी हात कापेल, त्या दिवशी मीच बांगडी खाली ठेवीन. तोवर मला माझं काम करू द्या."

"थेंब देत नाहीस, म्हणजे नक्की काहीतरी लपवतोयस!" पाटील कडाडले.

"बाबा, मनगट माझं आहे," लेक म्हणाली आणि तिनं डावा हात पुढे केला. "भरा काका. आणि उजव्या हाताला धाकट्या काकांना बोलवा."

दोघा भावांनी मिळून चुडा भरला. एकही बांगडी पिचली नाही.

तात्पर्य एवढंच: आपलं भविष्य जाणून घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं, आणि कुणी ते सांगायला फारच उतावीळ झाला, तर आधी विचारावं, हे आणखी कोणाला हवंय?