बांधावरची बाभूळ

एका राज्यात हाक मारायला माणूसच उरला नव्हता. सिंहासन होते, सात मजली महाल होता, आणि महालात एकटा राजा शीलभद्र होता. दिवा लावायला दासी नाही, चूक दाखवायला प्रधान नाही. असे कसे झाले, ते आधी ऐका.

शीलभद्र शिकारीला निघाला होता. वाटेत घोरजिव्ह नावाचा मांत्रिक तहानेने पडला होता. त्याने ओंजळभर पाणी मागितले. राजा म्हणाला, "वाट सोड." मांत्रिकाने वाट सोडली आणि शाप दिला, "ज्याला तू नावाने हाक मारशील, तो तुला दुरावेल. कोणी पाण्यात जाईल, कोणी आभाळात."

राजाने हसून घोड्याला टाच मारली. महालात येऊन त्याने प्रधानाला हाक मारली. प्रधानाचा रोहू मासा झाला. घाबरून सेनापतीला हाक मारली; तो मरळ होऊन फरशीवर तडफडू लागला. शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. पण राजांना गप्प बसायची सवय कुठली? त्याने वैद्याला बोलावले, पुरोहिताला बोलावले, ज्याला त्याला बोलावले. उरलेसुरले लोक जीव घेऊन पळाले. राणी सुवेणी तेवढी राहिली. ती एकेका माशाला उचलून हौदात सोडत होती. तेवढ्यात ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला आणि राजाच्या तोंडून तिचे नाव निसटले. पांढरी बगळी होऊन सुवेणी खिडकीतून उडून गेली.

त्यानंतर राजाने तोंड उघडले नाही. उन्हाळा आला, हौद आटू लागला, तेव्हा कठड्यावर एक टिटवी येऊन बसली. शापाच्या दिवशी ती मांत्रिकाजवळच वाटेकडेला अंडी उबवत होती. राजा उःशाप ऐकायला थांबला नव्हता; तिने सगळे ऐकले होते.

"राजा, उःशाप तीन कामांचा आहे," टिटवी म्हणाली. "पहिले, या जिवांसाठी स्वतःच्या हातांनी पाणी अडव. दुसरे, तीन पावसाळे ते राख."

"आणि तिसरे?"

"ते पाणीच सांगेल."

राजाने माळावरच्या ओढ्याला बांध घातला. पोटात काळी चिकण माती, पायांनी तुडवून घट्ट केलेली, वरून मुरूम, पाण्याच्या अंगाला दगड. वळवाच्या पहिल्याच सरीत बांध वाहून गेला, कारण जादा पाणी निघून जायला सांडवा ठेवावा हे राजाला सुचले नव्हते. दुसरा बांध त्याने सांडव्यासकट घातला. तो टिकला. मग घागरीत एकेक मासा घालून त्याने आपला दरबार तळ्यात नेऊन सोडला.

पाणी दिसताच रान तिथे आले. हरणे आली, ससे आले, खंड्याही आला. खंड्या सूर मारू लागला की राजा टाळ्या पिटत धावे. कोण जाणे, एखाद्या मानकऱ्यालाच गिळायचा! दिवस असा जाई. संध्याकाळ मात्र जाता जात नसे. फार वाईट दिवस होते ते.

दिवस कलला की पांढरी बगळी येई, उथळ पाण्यात एका पायावर उभी राही आणि अंधार पडताना दूरच्या जंगलाकडे निघून जाई. माळावर तिला बसायला फांदी नव्हती. राजाने बांधावर बाभळीचे रोप लावले.

"राजा, बांधावर झाड लावू नये," टिटवी म्हणाली.

"मग ती बसेल कुठे?"

टिटवी उडून गेली. एकट्या माणसाला शहाणपण कोणी सांगावे?

जादूच्या राज्यातली बाभूळ ती, दोन पावसाळ्यांत डेरेदार झाली. बगळी रोज मुक्कामाला येऊ लागली. राजा खाली अंग टाकी आणि दिवसभराचे सगळे तिला सांगे. नाव तेवढे घेत नसे. बगळीला काय कळत होते देव जाणे. वर कोणीतरी ऐकते आहे, एवढ्यावर राजा जगत होता.

तिसरा पावसाळा तोंडावर आला. बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरताना राजाला दिसले. मातीचा बांध थोडा पाझरायचाच. पाझर निवळ असला की चिंता नसते. हा पाझर गढूळ होता. बांध आतून झिजत होता. राजाने उकरून पाहिले, तर बाभळीचे मनगटाएवढे मूळ पार आरपार आलेले, आणि त्याच्या कडेने पाणी वाट काढत होते.

तिसरे काम पाण्याने सांगितले होते.

राजा कुऱ्हाड मांडीवर घेऊन बसून राहिला. झाड ठेवले तर पहिल्या पुरात बांध फुटणार, सगळे राज्य समुद्राला मिळणार. तोडले तर बगळी जाणार. ऊन डोक्यावर आले तेव्हा तो उठला आणि त्याने घाव घातला.

बगळी आली तेव्हा राजा कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून मुळे उपटत होता. ती झाडाच्या रिकाम्या जागेवर तीनदा फिरली आणि मावळतीकडे उडाली. हाक त्याच्या गळ्यापर्यंत आली. त्याने ती गिळली आणि पुढचे मूळ धरले. एक जरी आत राहून कुजले असते, तरी पाण्याला वाट झाली असती.

खड्डा चिकण मातीने भरून, तुडवून होतो न होतो तोच पाऊस कोसळला. ओढा फुगला, सांडवा गर्जू लागला. बांध हलला नाही. पावसाळा ओसरल्यावर राजाने पायथ्याशी जाऊन ओंजळ भरली. पाझर निवळ होता.

त्याच क्षणी प्रधान मिशा पिळत पाण्याबाहेर आला, आणि मुजरा करून पाणी फार गार असल्याची तक्रार करू लागला. मागोमाग सेनापती, वैद्य, पुरोहित आले. पळालेले लोक परतले. महालात दिवे लागले.

"महाराज, आता राणीसाहेबांना हाक मारावी," प्रधान म्हणाला.

"नको," राजा म्हणाला. स्वतःच्या जिभेवर त्याचा विश्वास उरला नव्हता. भरल्या राज्यात तो पूर्वीसारखाच एकटा बांधावर बसून राही.

बऱ्याच दिवसांनी माळ तुडवत एक बाई चालत आली. टाचा फुटलेल्या, लुगडे धुळीने माखलेले. झाडाच्या जागी ती थांबली.

"माझे झाड का तोडलेत?" सुवेणी म्हणाली.

"बांध गळत होता."

ती पायथ्याशी उतरली, पाझरात बोटे बुडवून पाहिली आणि वर येऊन त्याच्याशेजारी बसली.

"मी माणूस झाले ती परमुलखात. येताना प्रत्येक वळणावर कान देऊन उभी राहिले. हाक का नाही मारलीत?"

"भीती वाटली."

"अजून वाटते?"

"वाटते."

"तरी मारा."

राजाने तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, डोळे मिटले आणि हाक मारली, "सुवेणी."

हातातला हात हातच राहिला.

"ओ," ती म्हणाली.

त्यांचे तळे तुडुंब राहिले, आपली गोष्ट इथे सरली.