मुंग्यांनी सोडलेली न्हाणी

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि शपथेवर सांगतो, अक्षरन् अक्षर खरी. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांपूर्वी तुम्ही होतात कुठे? बरं, मी नाही, माझ्या पणज्यानं पाहिली. तो आंधळा होता हे सोडून द्या.

एका राज्यात हळदीचं एक गाव होतं. तिथल्या गाईंची शिंगंसुद्धा पिवळी. खोकला आला, हळद घ्या. बोट कापलं, हळद दाबा. लग्न जमेना, तरी हळदच. त्या गावात एक पारखी राहायचा. हळकुंड मोडून आतला रंग बघायचा आणि सांगायचा, हे कुठल्या शेतातलं, किती शिजलं, किती वाळलं. पिवळ्याच्या शंभर छटा त्याला ओळखू यायच्या. राजाच्या मुदपाकखान्यात त्यानं पाहिल्याशिवाय हळद जात नसे.

एके वर्षी पारख्याला फार तहान लागू लागली. घागर संपे, तहान संपेना. आणि तो न्हाणीत लघवीला जाऊन आला की दगडावर मुंग्यांची रांग लागे.

म्हाताऱ्या वैद्यानं रांग पाहिली आणि मान हलवली. "पारखी, मधुमेह आहे. गूळ सोड, भात आवर. रोज दोन कोस चाल आणि हा कडू काढा घे. रोज सकाळी दगड बघत जा. मुंग्या कमी झाल्या की समज, गुण येतोय."

"आणि हळद?"

"भाजीत घाल की चिमूटभर. असेल तिच्या अंगी थोडा गुण. पण थोड्यानं हा रोग ऐकत नाही. औषधांच्या पंगतीत तिला मुख्य पाटावर बसवू नकोस."

पारख्याला हे बोलणं झोंबलं. हळदीच्या गावात येऊन हळदीला दुय्यम म्हणतो! तो काढाही घ्यायचा, पण त्याआधी मूठभर हळद पाण्याबरोबर गिळायचा आणि पिवळे हात न्हाणीच्या दगडावर धुवायचा. दोन आठवड्यांत दगडाच्या चारी कडांना हळदीची जाड रेघ बसली.

आणि एका सकाळी पाहतो तर काय, दगडावर एकही मुंगी नाही!

"गेला! रोग गेला!" पारखी ओरडला. सारा गाव गोळा झाला आणि म्हणू लागला, "म्हटलं नव्हतं? आपली हळद ती आपली हळद!" पारख्यानं उरलेला काढा तुळशीत ओतला आणि पुरणपोळीचा बेत सांगितला. चालणं तर त्याच दिवशी थांबलं.

दुसऱ्या दिवशी रेघेच्या पलीकडून एक मुंगी बोलली, "पारखीदादा, साखर गेली नाही हो. आमची वाट गेलीय. ही पिवळी रेघ आम्हाला ओलांडवत नाही. एकदा तेवढी धुऊन बघा ना."

"जीव केवढा, बोलते केवढं!" पारखी हसला. "मला हळद शिकवतेस?"

मुंगी रोज सांगायची. पारखी रोज हसायचा, मग चिडायचा. शेवटी म्हणाला, "पुन्हा तोंड उघडशील तर याद राख." मग मुंगी गप्प झाली.

वर्ष सरलं. बाजारात पारख्यानं कीड लागलेलं हळकुंड उत्तम म्हणून पास केलं. लोक म्हणाले, चुकतो एखादा. पुढल्या महिन्यात त्यानं पिवळी माती हातात धरून "वा, काय रंग!" म्हटलं. त्या वेळी लोकांनी ती माती हळूच त्याच्या हातातून काढून घेतली.

"धूळ फार झालीय हल्ली," पारखी डोळे चोळत म्हणाला.

वैद्याला बोलावणं गेलं. त्यानं न्हाणीचा दगड पाहिला, घागरभर पाणी ओतलं, रेघ खसखसून धुतली आणि म्हणाला, "आता पारख्याला लघवीला जाऊन येऊ दे." मग दोघं ओट्यावर बसले. ऊन जोत्यावर चढायच्या आत दगड काळा झाला होता. मुंग्या अशा आल्या, जणू दाराशीच उभ्या होत्या.

पारख्याला ती रांगही दिसेना. त्यानं बोटानं चाचपली.

"नजर परत येईल ना, वैद्यबुवा?"

"उरलेलं राखायचं औषध माझ्याकडे आहे," वैद्य हळूच म्हणाला. "गेलेलं आणायचं नाही."

आता पारखी काढा चुकवत नाही. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून रोज दोन कोस चालतो. हळदीच्या दिवसांत शेतावरून जाताना कुणीतरी त्याच्या हातात हळकुंड ठेवतं. तो ते मोडतो, हुंगतो आणि विचारतो, "कसा आहे गं रंग?"

"छान आहे," ती म्हणते. पिवळ्याच्या शंभर छटांपैकी तिला एवढंच सांगता येतं.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: रोगाची खूण झाकली म्हणजे रोग गेला असं नाही.

आता खरं सांगून टाकतो. गोष्टीतली मुंगी बोलली, तेवढं मी रचलं. मुंग्या कुठं बोलतात? ते सगळं पारख्याची बायको सांगायची, रोज सकाळी, नव्यानं उकळलेल्या काढ्याची वाटी हातात धरून. म्हटलं, तिचं त्यानं ऐकलं नाही, मुंगीचं तरी तुम्ही ऐकाल.

पण त्यानंतर "मी सांगत होते" असं ती त्याला एकदाही म्हणाली नाही, हे मात्र रचलेलं नाही.