बेचाळीस गावांचं तोंड कुबेराकडे

"दक्षिणेकडे तोंड? माझ्या तालुक्यातलं एकही पॅनेल दक्षिणेकडे तोंड करणार नाही!"

सभापती सर्जेराव जगदाळे ऊर्फ आबासाहेब प्रशिक्षणाच्या हॉलात गरजले. राजेशाही संपली असं शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक आबासाहेबांच्या तालुक्यात पोहोचलं नसावं.

प्रशिक्षण होतं ग्रामपंचायतींच्या कर्मचाऱ्यांचं. विषय होता सौर पंप, त्याची निगा आणि मानकं. सूर्याचा उपयोग शिकवायचा होता, म्हणून सूर्य आत येऊ नये अशी चोख व्यवस्था केलेली! खिडक्यांना जाड पडदे, चार एसी, आणि वीज गेली तर बाहेर डिझेलचा जनरेटर. दोन्ही दिवसांच्या सह्या पहिल्याच सकाळी घेतल्या होत्या, म्हणजे ज्ञान आधीच पदरात पडलं होतं.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण भेंडवडीच्या हौसाबाई लोंढे खरोखरच ऐकत होत्या. अकरा वर्षं रोजंदारीवर गावाचा पाण्याचा पंप चालवणारी ही बाई. प्रशिक्षक देवधर सर म्हणाले, "आपल्याकडे सूर्य बहुतेक वर्ष दक्षिणेच्या अंगाने फिरतो, म्हणून पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं." हौसाबाईंनी लगेच हात वर केला.

"मग सर, आमच्या पॅनेलचं तोंड उत्तरेला का वो?"

बेचाळीस गावांचे कर्मचारी एकदम समोरच्या चिवड्याकडे बघू लागले. कारण साऱ्यांच्याच पॅनेलचं तोंड उत्तरेला होतं! आबासाहेबांच्या वास्तुतज्ज्ञाने तसं बजावलं होतं. दक्षिण यमाची, उत्तर कुबेराची. झालं, सगळा तालुका कुबेराकडे तोंड करून बसला. कुबेर वीज देत नाही, एवढंच काय ते राहून गेलं. थंडीत भेंडवडीचा पंप दुपारी तासभर कण्हायचा, टाकीचा तळ कसाबसा ओला व्हायचा, आणि बायका घागरी घेऊन दोन मैलांवरच्या विहिरीला जायच्या.

नेमकं त्याच वेळी आबासाहेब प्रमाणपत्रं वाटायला आत आले, आणि सुरुवातीची ती गर्जना झाली.

"दक्षिणेला यम बसलाय, बाई!"

"बसू द्या की, आबासाहेब. सूर्य बी तिकडंच बसलाय!"

देवधर सर घाम पुसत म्हणाले, "मानकानुसार दक्षिण..."

"मानकं काय आम्हाला विचारून केली?"

"नाही साहेब! स्थानिक परंपरेनुसार दिशा बदलता येते!" सरांनी एका दमात सूर्याची बदली करून टाकली.

आबासाहेब हौसाबाईंकडे वळले. "लई कळतं ना तुला? शनिवारी भेंडवडीला येतो. टाकी काठोकाठ भरलेली पाहिजे, आणि पॅनेल दक्षिणेला वळवायचं नाही. नाही जमलं, तर पंपाची किल्ली माझ्या हातात द्यायची आणि घरी बसायचं!"

"आणि आबासाहेब, तुमचंच म्हणणं तुम्हाला मागं घ्यावं लागलं तर?"

सभापती हसले. असं आजवर घडलंच नव्हतं. "तर मागशील ते देईन!"

गावी परतल्यावर हौसाबाईंनी पाना घेतला, खांबावरच्या स्टँडचे बोल्ट सैल केले, आणि चौघी बायकांनी हातभार लावून पॅनेल गर्रकन दक्षिणेला फिरवलं. वर काच पुसून लख्ख केली. दोन दिवसांचं प्रशिक्षण दहा मिनिटांत आटोपलं.

शनिवारी आबासाहेबांची जीप वेशीवर जरा थांबून टाकीपाशी आली. टाकी भरून पाणी खाली वाहत होतं. विहिरीची वाट सोडून बायका नळाला घागरी लावत होत्या. आबासाहेबांचा चेहरा खुलला. मग त्यांची नजर पॅनेलवर गेली.

"हे तोंड कुठं आहे?"

"दक्षिणेला."

"मी काय सांगितलं होतं? आण ती किल्ली!"

जमलेल्या बायकांचे चेहरे पडले. हौसाबाईंनी कमरेची किल्ली काढून पुढे धरली.

"घ्या. पॅनेल बी आत्ता फिरवते. पण आबासाहेब, एकटं पॅनेलच कशाला? आधी वेशीवरच्या मारुतीरायाचं तोंड तुमी उत्तरेला फिरवा. मग लागलीच मी माझं पॅनेल फिरवते."

"काय?"

"आपला मारुती दक्षिणमुखी हाय. आत्ता येताना तुमी त्याला तेल घालून, रुईची माळ वाहून आलाय. कपाळाला शेंदूर हाय अजून! जन्मल्या जन्मल्या सूर्य धरायला झेप घेतली त्यानं. सूर्य धरायचा तर तोंड कुठं करावं, हे त्याला जास्त कळतं का तुमच्या वास्तुवाल्याला? बोला. पाना देऊ का?"

सारा गाव आबासाहेबांकडे बघत होता. आबासाहेब वेशीकडे बघत होते. हात आपोआप कपाळाच्या शेंदराकडे गेला, आणि एकदम ते असे खदाखदा हसत सुटले, की जीपच्या बॉनेटचा आधार घ्यावा लागला.

"हरलो, हौसाबाई! तुझी नोकरी आजपासून कायम! आणि पुढचं प्रशिक्षण तू घ्यायचं, साऱ्या बेचाळीस गावांचं! आणखी काय पाहिजे, माग!"

"घेते की. पण पडदे लावलेल्या हॉलात न्हाय. इथं, टाकीखाली, भर उन्हात."

"कबूल!"

"आणि पहिल्या रांगेत तुमी बसायचं, आबासाहेब. दक्षिणेकडं तोंड करून!"