सातवण्याची दोण

सातवणे गावात देवराईच्या बांधाला लागून जांभ्या दगडाची एक दोण आहे. दहा माणसं सहज आडवी निजतील एवढी लांब. वैशाखात परसातले आणि रानातले रातांबे इथे ओतून सगळं गाव मिळून कोकमाचं आगळ काढतं. आपापल्या घरी कोणी काढत नाही. का, ते अनुसयाकाकी राऊळ यांनी दोणीच्या काठावर बसून सांगितलं. दोण तेव्हा भरत आली होती, आणि ऐकताना मी दोनदा मागे वळून पाहिलं.

असं सांगतात, की एका वर्षी फुलोरा करपला. रातांबे लगडले ते फक्त देवराईत; बाहेर झाडागणिक चार-दोनच. तिथलं वाळकं पानही राखणदाराचं, म्हणजे देवराई राखणाऱ्या अदृश्य शक्तीचं, उचलायचं नाही, हा गावाचा नेम. पण गोदीची पोर तापाने फणफणली होती. पाणीसुद्धा पोटात ठरेना. गोदीने देवराईतून नऊ रातांबे आणले आणि पाचांचं सार पोरीला पाजलं. तेवढ्यात तिची जाऊ भागी दारात आली. दोघींचं हाडवैर. घाबरून गोदीने उरलेले चार गावाच्या वाट्याच्या टोपलीत लपवले. "भरली एकदाची?" म्हणत भागीने तीच टोपली उचलली आणि नेऊन दोणीत ओतली.

बाया कोपरापर्यंत हात घालून रातांबे कुस्करू लागल्या, तसा रस चढू लागला, म्हणे. वरून कोणी काहीच ओतत नव्हतं. भर उन्हात तो हाडं गोठतील इतका गार पडला. साऱ्यांनी हात काढून घेतले. गोदीचा निघेना.

"राखणदारान आपला ओळखल्यान," गुरव म्हणाला. "तिका ऱ्हवांदे. बाकीचे मागे सरा."

गोदी खांद्यापर्यंत आत ओढली गेली होती. "माझ्या पोरीक कोण बघतला?" एवढंच तिने विचारलं.

"मी सांभाळूचंय नाय," भागी म्हणाली, आणि आपला हात तिच्या हाताशेजारी खुपसला. "दोणीत पडला ता सगळ्यांचा."

मग एकेक करून अठराही घरांचे हात आत गेले. घेणारा हात कोणता, हे राखणदाराला कळेना. दिवस कलताना पकड सुटली. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत लालभडक झाले होते. कोरडे राहिले ते एकट्या गुरवाचे. सकाळी त्याच्या वहाणा देवराईच्या बांधावर दिसल्या, आतल्या बाजूला तोंड केलेल्या. त्या आणायलाही कोणी गेलं नाही.

तेव्हापासून घरी कोणी आगळ काढत नाही. आजही दोण भरली, की त्या दिवशी गावात असेल त्या प्रत्येकाला तिच्यात हात घालावा लागतो. तान्ह्यालाही आणि पाहुण्यालाही. कोरड्या हाताने कोणी वेस ओलांडत नाही. एवढं सांगून काकींनी माझी बाही वर सरकवली. डावा घालू की उजवा, असं मी विचारलं.

"जो गेलो तरी चलात, तो," काकी म्हणाल्या.