ज्वराला हुकूम

राजकन्येला ज्वर चढला म्हणून वैद्य म्हाळसाबाई धावत राजवाड्यावर आल्या, तर ग्रंथशाळेचे प्रमुख वीरेश्वरशास्त्री दारातच आडवे उभे!

"ज्वरावरचे सगळे ग्रंथ वाचल्याशिवाय राजकन्येच्या नाडीला हात लावायचा नाही!"

घाबरलेल्या महाराजांनीही मान डोलावली.

म्हाळसाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शास्त्रीबुवांचे लेखनिक दिवसभर जुन्या ग्रंथांचा अर्थ सांगणाऱ्या टीकांवर नव्या टीका लिहीत बसत, त्यामुळे जन्मभर वाचलं तरी बाई मागेच पडल्या असत्या. पण आतून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. आता माघार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"वाचते, महाराज. फक्त दोन हुकूम सोडा. माझं वाचून होईपर्यंत शास्त्रीबुवांच्या लेखनिकांनी नवं अक्षर लिहायचं नाही. आणि राजकन्येच्या ज्वरानं तोवर बाहेर बसून राहायचं."

शास्त्रीबुवा फिसकन हसले. "ज्वर कधी कुणासाठी थांबतो का?"

"मग माझं वाचून होईपर्यंत तो थांबेल, हे कुठल्या ग्रंथात वाचलंत?"

महाराजांनी स्वतः दार उघडलं. आत शिरता शिरता म्हाळसाबाई वळल्या.

"शास्त्रीबुवा, गार पाण्याचा तांब्या घेऊन या. तेवढ्याला ग्रंथ लागत नाही."