दवंडी आधी कुठल्या आळीत?

तळ्याच्या बांधाच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात हैबती नावाचा दवंडीवाला होता. राजाचा हुकूम असो की कुणाचं हरवलेलं वासरू, हैबती गळ्यात डफ अडकवून निघायचा. वरच्या आळीपासून सुरुवात, ओढ्याकाठच्या खालच्या आळीत शेवट. प्रत्येक वळणावर तेच शब्द, तोच आवाज. आपण कुणाच्याच बाजूचे नाही, असं तो छाती काढून सांगायचा. आणि खरं सांगायचं तर गावालाही त्याचं कौतुक होतं.

एका भादव्यात आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी दुपारी बांधावरचा राखणदार धापा टाकत आला. बांधाला भेग पडलीय, हात जाईल एवढी, आणि ती वाढतेय, असं त्याने सांगितलं. हैबतीने लगेच डफ गळ्यात अडकवला. त्याची लेक चंद्रा खालच्या आळीत दिलेली होती. ओढा अगदी तिच्या अंगणाला लागून वाहायचा.

त्याचे पाय तिकडेच वळले होते. पण मनात आलं, लोक काय म्हणतील? लेकीसाठी धावला म्हणतील. जन्मभर कमावलेलं नाव एका दुपारात जाईल. आता बघा, माणूस अक्कल कुठे गहाण टाकतो ते! हैबती मागे फिरला आणि नेहमीसारखा वरच्या आळीत गेला.

वरची आळी उंचावर. तिथे पाणी कधीच पोचत नसे. तरी लोक घाबरले आणि त्याला थांबवून दहा प्रश्न विचारू लागले. हैबतीने एकालाही टाळलं नाही. मग मधली आळी. डोळ्यांपुढे सारखी चंद्रा येत होती. तरी त्याने एक वळण गाळलं नाही की एक शब्द बदलला नाही. मधल्या आळीच्या टोकाला तो पोचला आणि तळ्याच्या बाजूने मोठा गडगडाट ऐकू आला. बांध फुटला होता.

खालच्या आळीत गुडघाभर पाणी होतं आणि ते चढत होतं. माणसं छपरांवरून पोरांना हाका मारत होती. चंद्रा कडेवरचं मूल घट्ट धरून आढ्याला चिकटून बसली होती. ती वाचली. शेजारची म्हातारी कोंडाबाई मात्र गेली. बिचारीला खाटेवरून उठायलाच वेळ लागायचा.

पाणी ओसरल्यावर हैबती लेकीपुढे हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "पोरी, लेकीची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून आधी वर गेलो."

चंद्रा म्हणाली, "बाबा, माझी नव्हती घ्यायची. पाणी ज्यांच्या दारात येणार होतं, त्यांची घ्यायची होती. कोंडाबाई तर तुमची कुणीच नव्हती."



तात्पर्य: बातमी सांगणाऱ्याला कुठून तरी सुरुवात करावीच लागते, म्हणून पुरता निःपक्ष कुणीच नसतो. तसं दिसण्यासाठी धडपडण्यापेक्षा, ज्यांच्या जिवावर बेतणार आहे त्यांच्या दारी त्याने आधी जावं.