आडवा हात

"...आणि दुसरं जेवण किती वाजता?" बाबांनी विचारलं.

"साडेबाराला. कुडाळात."

"अन् पहिलं?"

"सावंतवाडीत, अकराला. ते तसं जेवण नव्हे, बाबा. घावणे आणि नारळाचा रस. पण घावणे मोजायची रीत नाही हो तिकडं. ते वाढत राहतात."

"अन् तू?"

"मी खात राहतो."

बाबांनी चुलीतलं लाकूड तेवढं पुढं सारलं.

दस्तगीरबाबांचा तकिया आजऱ्याच्या पुढं, घाट उतरायच्या जरा अलीकडं, रस्त्याला लागूनच होता. तकिया म्हणजे काय, फकिराची बसायची जागा. चार खांब, वर पत्रा, एक चूल. ट्रकवाले थांबायचे, पाणी प्यायचे, मनातलं बोलून हलके व्हायचे आणि घाट उतरायचे. हिंदू कोण, मुसलमान कोण, तिथं कुणी विचारत नसे.

आज तिथं बसले होते गडहिंग्लजचे दिनकरशेठ हावळ. मिरचीचे व्यापारी. महिन्यातून दोनदा गाडीत नमुन्याची पोती टाकायची आणि कोकणात उतरायचं. मालवणी मसाल्याला संकेश्वरी मिरची लागते, आणि सावंतवाडीपासून मालवणपर्यंत ती पोचवायची दिनकरशेठनी.

पण परवा डॉक्टरांनी पुन्हा कागद पुढं ठेवला होता. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, पोटाची तर रोजचीच आग. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या देतो. पण हावळ, असंच खात फिरणार असाल तर गोळ्या काय करणार? एक तर खाणं आवरा, नाही तर फिरती बंद करा." आणि फिरती बंद म्हणजे धंदाच बंद. दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

"बावीस वर्षं झाली, बाबा," दिनकरशेठ सांगत होते, "एकाही दुकानदाराच्या घरातून उपाशी उठलो नाही. कुणाच्या वाढण्याला नाही म्हणालो नाही. तिसरं जेवण कणकवलीत, वडे-सागोती. संध्याकाळी मालवणात चौथं. मिरची काय, सगळ्यांचीच लाल असते. माणूस ताटावर बसला की आपला होतो. हीच आपली विद्या!"

"शेठ," बाबा म्हणाले, "हे सांगताना तुझी छाती फुगतेय की पोट?"

दिनकरशेठ हसले. पण हसताना बरगडीखाली दुखलं, तसे थांबले.

"मग माझ्याकडं काय मागतोस?"

"एक व्रत द्या. कसलंही. दस्तगीरबाबांनी सांगितलंय म्हटलं की कुणी आग्रह करणार नाही."

"एकादशी धरून बघितलीस?"

"बघितली की! साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, वर केळ्याचं शिकरण. साध्या दिवशी बरा असतो मी."

"डॉक्टरचं नाव सांग."

"सांगितलं. डॉक्टरांनी साखर बंद केलीय म्हणालो. तर कणकवलीच्या वहिनी म्हणतात, भावोजी, मोदकात गूळ असतो, साखर कुठं असते?"

बाबांचे खांदे हलले.

"खोटं बोलून बघ."

"तेही केलं. मागच्या गावात जेवून आलो म्हणालो. तर रुसलेच यजमान. तिकडं गोड लागतं, आमच्याकडं नाही? दोन घास जास्तच पडले."

बाबा उठले. परातीएवढी थाळी आणून त्यांनी दिनकरशेठच्या पुढं ठेवली.

"व्रताचं बघू. आधी जेव."

आता बघा, पंचाईत कशी असते. दिनकरशेठ तासाभरापूर्वीच आजऱ्यात मिसळ खाऊन आले होते. पण जिथं दुकानदाराला नाही म्हणवत नाही, तिथं फकिराला कसं म्हणायचं? ते मुकाट्यानं मांडी घालून बसले.

बाबांनी ज्वारीची भाकरी वाढली, वर कढी ओतली. दिनकरशेठनी खाल्ली.

दुसरी आली. खाल्ली.

तिसरी आली. बाबा विचारतही नव्हते, आग्रहही करत नव्हते. नुसते वाढत होते. दिनकरशेठनी पट्टा एक भोक सैल केला.

चौथीला कपाळावर घाम आला. घास तोंडात फिरायला लागला, खाली उतरेना. ही भाकरी संपवून घाट कसा उतरायचा, आणि खाली सावंतवाडीत घावण्याचा तवा तापलेला...

तरी त्यांनी कशीबशी संपवली.

बाबांनी टोपलीतनं पाचवी उचलली.

आणि दिनकरशेठचा डावा हात आपोआप उठला. थाळीवर आडवा झाला.

भाकरी वर, हात खाली. दोन्ही थांबले.

"हात काढ."

"नको, बाबा."

"फकिराच्या घरचं नको?"

दिनकरशेठच्या डोळ्यात पाणी आलं. जिभेवर दहा कारणं आली. एकादशी आली, डॉक्टर आले, मागचं गाव आलं. एकाचाही उपयोग नव्हता, सगळी तर आत्ताच सांगून बसले होते.

"खाली बघून का बोलतोस? माझ्याकडं बघून बोल."

त्यांनी मान वर केली.

"नको, बाबा. पोट भरलं."

बाबांनी भाकरी टोपलीत ठेवली. वर फडकं झाकलं.

...

"म्हणजे..." दिनकरशेठनी जरा वाट बघितली. "झालं? एवढंच?"

"अजून काय व्हायला हवं होतं?"

दिनकरशेठनी इकडं तिकडं बघितलं. चारी खांब जागच्या जागी होते. रस्त्यानं एक ट्रक भोंगा वाजवत गेला. बाबा उरलेल्या कढीवर झाकण ठेवत होते, आणि त्यांच्या तोंडावर रागाचा मागमूस नव्हता.

मग शेठना हसू आलं. आधी थोडं, मग फार. बावीस वर्षं पाठीवर वागवलेलं पोतं कुणी तरी मागनं अलगद उतरून घ्यावं, तसं झालं.

"हात तोच रे," बाबा म्हणाले. "आजवर ताटावर आडवा मारत होतास. आज आडवा धरलास."

दिनकरशेठनी हात धुतला, तोंड पुसलं. पण व्यापाऱ्याचं मन, शेवटची शंका काढल्याशिवाय उठतं कुठं?

"तुम्ही फकीर, बाबा. तुमचं निराळं. दुकानदार दुखावला तर? पुढच्या फेरीला माल घेतला नाही तर?"

"तुझ्या मिरचीला नको म्हणतं का कधी कुणी?"

"रोज कुणी तरी म्हणतंच. मालवणचे पेडणेकर तर चार महिने नको म्हणत होते."

"मग तू त्यांच्याशी बोलणं टाकलंस?"

"छे! कशाला टाकीन? त्यांच्याकडं आधीचाच माल भरलेला होता. जागा नव्हती, म्हणून नको म्हणाले. त्यात वाईट काय वाटून घ्याय..."



दिनकरशेठ आपल्या पोटाकडं बघत राहिले. 

बाबा चुलीवर भांडं ठेवत होते. त्यांनी काहीच ऐकलं नसल्यासारखं दाखवलं.

थोड्या वेळानं शेठ उठले. पट्टा सैलच ठेवला. बाबांच्या पायांना हात लावला. व्रत घ्यायचं विसरले, आणि विसरल्याचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं. गाडीच्या किल्ल्या काढून ते दोन पावलं गेले, तोच मागनं हाक आली.

"शेठ, चहा टाकलाय. घेणार?"

"अर्धा चा..." म्हणत दिनकरशेठ वळले. जिभेची सवय, ती कुठं लगेच जाते? पण वळता वळताच थांबले. नीट उभे राहिले. बाबांच्या डोळ्यांकडं बघितलं.

"नको, बाबा," ते म्हणाले. आणि बाबांना काय वाटतं, ते बघत राहिले.

बाबांचा चेहरा उजळला.

"बरं झालं, लेकरा. दूध एका कपापुरतंच होतं."